हाताशी आलेली मुले

'मुलगी आता हाताशी आली' हे वाक्य मराठी घरांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याकडे थांबून पाहावे असे कोणाला सुचत नाही. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, चुलीपुढे बसू लागली, धाकट्या भावंडाला सांभाळू लागली, की ती हाताशी येते. ती कोणाच्या हाताशी येते, आणि तिच्या स्वतःच्या हातांत त्या वेळी काय असायला हवे होते, हे प्रश्न या वाक्प्रयोगाच्या कक्षेबाहेरचे. घरात दीर्घ आजाराचे किंवा अपंगत्व आलेले माणूस असेल तर या वाक्याला आणखी एक छटा येते. मग हाताशी आलेले मूल हळूहळू त्या घराचा हातच होऊन बसते. अशा मुलाला आपण 'समजूतदार', 'पोक्त', 'गुणी' म्हणतो. ही सारी विशेषणे झाली. या मुलांना ओळखता यावे असे नाम मात्र आपल्या भाषेत रुळलेले नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे की, आपण या मुलांचे जे कौतुक करतो ते पुष्कळदा मदतीच्या ऐवजी करतो.

सेवेचे आदर्श आपल्याकडे कमी नाहीत. आईवडिलांची सेवा चालू असताना दारी आलेल्या देवाला विटेवर थांबवणारा पुंडलिक हा तर पंढरीच्या परंपरेचा मूळपुरुष. आंधळ्या आईवडिलांना कावडीत घालून यात्रेला नेणारा श्रावण हा दुसरा. या कथांविषयी मला आदर आहे. पण आपण त्या अर्ध्याच वाचतो, असे वाटते. श्रावणाच्या कथेचा शेवट काय होतो? तो पाणी आणायला एकटा जातो, दशरथाच्या बाणाने मरतो, आणि त्याच्यामागे ते दोघे वृद्धही प्राण सोडतात. दोन परावलंबी माणसांचा सारा भार एकाच खांद्यावर होता आणि तो खांदा गेल्यावर दुसरी कसलीही व्यवस्था नव्हती, असाही या कथेचा अर्थ आहे. आपण तीतून फक्त मातृपितृभक्ती उचलली. महाराष्ट्र शासनाच्या, ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांसाठी असलेल्या निवृत्तिवेतनाच्या योजनेला श्रावणबाळाचे नाव आहे. योजना आवश्यक आहे आणि नावही समर्पक आहे. ज्या वृद्धांना श्रावण नाही त्यांच्यापुरता शासनाने तो भार उचलला आहे. परंतु ज्या घरात खरोखरीचा श्रावण आहे, बारा वर्षांचा आहे आणि सातवीत शिकतो आहे, त्याचे काय? पुंडलिकासाठी देव थांबला. वार्षिक परीक्षा कोणासाठी थांबत नाही.

हे विचार सुचण्याला कारण घरचे आहे. १९८४ साली आमच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, ताई पंधरा. वडिलांची नोकरी फिरतीची. महिन्यातले पंधरा-वीस दिवस ते बाहेरगावी असत. मी दुकानातून औषधे आणी, नळावरून पाणी भरी, संध्याकाळी आईचे पाय चेपी. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मला व्यासपीठावर बोलावून 'आजचा श्रावणबाळ' म्हणून माझा गौरव करण्यात आला आणि 'श्यामची आई'ची एक प्रत बक्षीस मिळाली. टाळ्या पुष्कळ झाल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत ताई नव्हती. ती घरी होती, कारण कोणीतरी घरी असणे भागच होते. दर दोन तासांनी आईची कूस बदलणे, अंग पुसणे, भांडे देणे, लुगडी धुणे, घास भरवणे, तिचे अडखळलेले शब्द ओळखणे हे सारे ती करत होती. त्या वर्षी ती दहावीच्या परीक्षेला बसली नाही, आणि पुढेही कधी बसली नाही. तिला कोणी श्रावणबाळ म्हटले नाही. मुलीच्या बाबतीत त्या श्रमांना सेवा म्हणत नाहीत, वळण म्हणतात. सासरी जाण्याआधीचा तो सराव असतो. दोघेही एकाच शाळेत होतो. एकाच घरातल्या एकाच आजारपणासाठी मला बक्षीस मिळाले आणि तिच्या नावापुढे गैरहजेरी लागत गेली. पुढे तिचे नाव पटावरून कमी झाले.

बक्षीस मिळालेले ते पुस्तक मी नंतर अनेकदा वाचले. साने गुरुजींच्या या पुस्तकाची पहिलीच रात्र आजारी आईची आहे. अशक्तपणामुळे वडाला प्रदक्षिणा घालणे तिला जमण्यासारखे नाही, म्हणून ती श्यामला आपल्या जागी जायला सांगते. आणि बायकांमध्ये जाऊन प्रदक्षिणा घालायची श्यामला लाज वाटते, मुले हसतील अशी भीती वाटते. आई त्याची समजूत घालते आणि तो जातो. वाचकांनी आणि समीक्षकांनी या प्रसंगात संस्कार पाहिला, आणि तो तेथे आहेच. परंतु त्याआधी त्या पानांवर एक फार खरी गोष्ट नोंदली गेली आहे. आजारी माणसाच्या जागी उभे राहताना मुलाला लाज वाटते, आणि ती प्रेम कमी असल्यामुळे वाटत नाही. आपले घर इतरांच्या घरासारखे नाही हे त्याला कळलेले असते. या लाजेपोटी मुले मित्रांना घरी बोलावत नाहीत, शाळेत 'पोट दुखत होते' म्हणून सांगतात, सहलीचे पैसे मागतच नाहीत. घरात मानसिक आजार किंवा व्यसन असेल तर हे मौन अधिकच घट्ट होते. श्यामला समजूत घालणारी आई होती आणि काम थोड्याच काळाचे होते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारात मुलाची समजूत कोण घालणार? ज्याने घालावी ते माणूसच अंथरुणावर असते.

कायद्यांत या मुलांचा शोध घेतला तर एक चमत्कारिक चित्र दिसते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा अधिनियम ही जबाबदारी मुलांवर आणि नातवंडांवर टाकतो. परंतु त्याच्या व्याख्येतून अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या मुलांना स्पष्टपणे वगळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी अज्ञान असू शकत नाही. दोन्ही तरतुदी योग्यच आहेत. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात काळजीवाहकाची व्याख्या आहे, तीत मोबदल्याने वा मोबदल्याविना काळजी घेणारे कुटुंबीय येतात, आणि तेथे वयाचा उल्लेखच नाही. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तिने शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. म्हणजे लहान मुलाकडून काही अपेक्षा करू नये असे एक कायदा म्हणतो, आणि प्रत्यक्षात ते करतच असेल तर त्याला कोणी विचारावे हे त्यांपैकी कोणताही सांगत नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. गंभीर आजाराने ग्रासलेल्या पालकांच्या मुलांनाही ती लागू होते आणि २०२३ पासून तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली आहे. अनेक घरांना हा मोठाच आधार आहे. तरीही ती मुलाकडे पाहते ते ज्याचे संगोपन व्हायचे आहे असा जीव म्हणून. तोच जीव दुसऱ्याचे संगोपन करतो आहे, हे पाहणारी नजर अजून घडायची आहे.

ही नजर ब्रिटनमध्ये कशी घडली ते पाहण्यासारखे आहे. जो आल्ड्रिज आणि सॉल बेकर या लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ साली अशा मुलांशी बोलून 'चिल्ड्रन हू केअर' हा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि 'यंग केअरर' ही संज्ञा हळूहळू रूढ झाली. इंग्लंडमध्ये २०१४ च्या बालक व कुटुंबविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील अशा प्रत्येक मुलाच्या गरजा तपासण्याचे बंधन स्थानिक प्रशासनावर घातले. या तपासणीत विचारायचा एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हे मूल जी काळजी घेत आहे ती त्याने घेणे उचित आहे काय? मूल प्रेमळ आहे की नाही, हे तेथे कोणी विचारत नाही. आईला पाणी देणे, तिच्याशी गप्पा मारणे उचित आहे. तिला एकट्याने उचलून न्हाणीत नेणे, रात्री दर दोन तासांनी उठणे, आत्महत्येचे विचार येणाऱ्या बापावर पहारा ठेवणे उचित नाही. प्रेम आणि भार यांतली रेषा कोठे आहे, हे ठरवण्याचे काम त्या कायद्याने मुलावर सोडलेले नाही.

अर्थात नाव मिळाले म्हणजे सारे झाले असेही नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये ५ ते १७ वयोगटातील सुमारे १ लाख २० हजार मुले विनामोबदला काळजीवाहक असल्याचे आढळले. २०२३ साली शाळांच्या गणनेत या मुलांची प्रथमच नोंद झाली तेव्हा ती सुमारे ३९ हजारच भरली; बहुसंख्य शाळांनी आपल्याकडे असे एकही मूल नाही असे कळवले. दोन्ही आकड्यांतील अंतर हेच त्या मौनाचे माप आहे. आपले घर उघडे पडेल, आपल्याला आईपासून दूर नेतील, ही भीती तेथेही आहे. आपल्याकडे जे करायचे ते या भीतीची जाण ठेवूनच करावे लागेल.

यावर एक आक्षेप हमखास येईल: हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्याकडे कुटुंब आहे, घरच्या प्रेमाला अर्ज आणि रकाने कशाला? या आक्षेपात तथ्य एवढेच की काळजी घेण्यातून मुलाला आत्मसन्मानही मिळतो, आणि आजारी आईवरून त्याचा हात बाजूला काढणे ही क्रूरता ठरेल. पण कुटुंब आहे म्हणजे भार वाटला जातो, हे खरे नाही. तो बहुधा उतरंडीने खाली घसरतो. आणि उतरंडीच्या तळाशी घरातली थोरली मुलगी असते. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटात घरातल्यांची काळजी घेण्याच्या कामात ४१ टक्के स्त्रियांचा सहभाग होता आणि २१.४ टक्के पुरुषांचा. यात मुख्यतः बालसंगोपन येते हे मान्य. परंतु पंधराव्या वर्षानंतर दिसणारा हा कल पंधराव्या वाढदिवशी एकाएकी उत्पन्न होत नसणार.

मग करावे काय? फार मोठ्या गोष्टी मी सुचवत नाही. शाळेच्या प्रवेशअर्जात वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, जात हे सारे विचारले जाते. घरात कोणी दीर्घकाळ आजारी आहे का आणि त्यांच्याजवळ कोण असते, हे वर्गशिक्षकांनी वर्षातून एकदा, वर्गापुढे नव्हे तर खाजगीत, विचारावे. रुग्णाला घरी सोडताना दवाखान्यात 'घरी कोण बघणार?' असे विचारतातच. त्या उत्तरापुढे बघणाऱ्याचे वय लिहावे. ते वय चौदा निघाले तर ती माहिती आशा सेविकेपर्यंत जावी. बालसंगोपनाच्या अर्जाची चौकशी होते तेव्हा मुलाचा दिवस कसा जातो, हेही पाहिले जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आजारी माणसापाशी काही तास बसणारे दुसरे माणूस मिळावे. हे स्वप्नरंजन नव्हे. कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेल्या उपशामक सेवेतून केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, आणि २००८ साली त्या राज्याने त्यासाठी धोरणही आखले. तेथे पंचायतींच्या आधाराने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. घरात जाणाऱ्या माणसालाच दाराआडचे मूल दिसते.

मागे एकदा मी ताईला विचारले की त्या वेळी तुला काय मिळाले असते म्हणजे बरे झाले असते. माझी अपेक्षा होती की ती बक्षिसाविषयी, माझ्या त्या टाळ्यांविषयी काही बोलेल. ती म्हणाली, "शेजारच्या काकू आठवड्यातून दोनदा दुपारी येऊन बसल्या असत्या, तर मी गणिताच्या तासाला गेले असते." काकू वाईट नव्हत्या. त्या रोज दारावरून जाताना थांबत आणि आईला म्हणत, "पोर कशी गुणाची आहे हो तुमची!" आणि पुढे जात.