मान कुठे आहे?

भातलावणीच्या दिवसांत आम्ही काही विद्यार्थी मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत गेलो होतो. मुलांना कोरा कागद द्यायचा, ‘माणूस काढा’ एवढेच सांगायचे आणि आलेल्या चित्राला कोष्टकाप्रमाणे गुण द्यायचे. सात वर्षांच्या एका मुलीने पालथ्या होडीसारखा आकार काढला आणि त्याखाली दोन पाय. हात नाहीत, केस नाहीत, कान नाहीत. मी विचारले, “मान कुठे आहे?” ती म्हणाली, “इरल्याखाली.”

ती तिची आजी होती. इरल्याची जागा आता बहुतेक घरांत प्लॅस्टिकने घेतली आहे, पण आजीने आपले इरले सोडलेले नव्हते. ओणवून लावणी करणारी बाई बांधावरून दिसते ती अशीच! पण कोष्टकात इरले नव्हते. मुलीला ‘वयाच्या मानाने मागे’ ठरवून मी मोकळा झालो.

ही चाचणी १९२६ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी तयार केली. एकूण गुण ५१. निदान चार कपडे स्पष्ट दाखवले तर एक गुण, हातापायांना जाडी दिली तर एक. म्हणजे उघड्या अंगाने नांगर धरणारा बाप ज्याने हुबेहूब काढला, त्याचा गुण गेला. डहाणूकडच्या वारली मुलाने घरच्या भिंतीवरचा माणूस काढला, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि काडीसारखे हातपाय, तर त्याचाही गेला. त्याच परंपरेतल्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली!

तीनचार वर्षांची मुले बहुतेक ठिकाणी डोक्यालाच पाय फुटलेला माणूस काढतात. फरक पडतो तो पुढे. मूल मग भोवतालच्या माणसांइतकेच भोवतालच्या चित्रांकडे पाहू लागते: भिंत, कॅलेंडर, पाठ्यपुस्तक, आता मोबाइलवरची कार्टून. त्या दिवशी बटणे आणि पट्टा लावलेले पुस्तकी पुरुष पुष्कळ आले आणि भरघोस गुण घेऊन गेले. त्या वाडीत पट्टा लावून हिंडणारा एकच इसम मला दिसला, तो म्हणजे मी.

शिवाय मूळ चाचणीत पुरुष काढायचा असतो. आम्ही त्याचा ‘माणूस’ केला. ‘बाईमाणूस’ म्हणणाऱ्या मुलीने आजी काढली तर चूक कोणाची?

चाचणी अगदीच टाकाऊ आहे असे नाही. कागद-पेन्सिलीवर भागते, मूल बुजत नाही. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तिची वेगळी गुणश्रेणीही बसवली. परंतु वारली पाडा, कोकणातली वाडी आणि बडोद्यासारखे शहर यांना एकच ‘भारतीय मूल’ कसे पुरे पडावे? खुद्द गुडइनफबाईंनी १९५० साली डेल हॅरिस यांच्यासह लिहिले की, संस्कृतीचा स्पर्श नसलेली चाचणी शोधणे हा भ्रम आहे. आपल्या एका जुन्या अभ्यासाबद्दल त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. आमच्या जर्नलात १९२६ आहे, १९५० नाही.

माझे म्हणणे इतकेच की, गुण देण्याआधी मुलाला विचारावे आणि त्याचे उत्तर चित्राशेजारी लिहावे. तोवर तो आकडा मुलाच्या नावापुढे जाऊ नये.

त्या मुलीचे गुण माझ्या जर्नलात अजून तसेच आहेत. खाली सहीसुद्धा झाली आहे.