एका नटाची गोष्ट

हेडिंग वाचून ज्यांची नजर आधी फोटो शोधायला गेली, त्यांना सॉरी! हा नट पडद्यावरचा नाही, नट-बोल्टमधला आहे. स्टीलचा, अंगठीसारखा गोल आणि दिसायला अगदीच सामान्य. ऑटोग्राफ वगैरे देत नाही. पण या पठ्ठ्याने अमेरिकेतल्या भल्याभल्या रायफल कंपन्यांना घाम फोडलाय.

रायफल? दचकू नका. आपल्यापैकी कुणी शनिवारी मॉलमध्ये जाऊन रायफल घेणार नाहीये. आपल्याकडे साधा परवाना काढायचा तरी चपला झिजतात आणि शिकार तर वन्यजीव संरक्षण कायद्याने कधीच बंद केलीय. रायफल म्हटलं की आपल्याला आठवतात त्या अंजली भागवत, तेजस्विनी सावंत आणि २०२४ मध्ये पॅरिसहून ब्राँझ घेऊन आलेला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे. अमेरिकेतल्या गावाकडची गोष्ट वेगळी. तिथे हरणाच्या शिकारीची रायफल म्हणजे सीझनची खरेदी. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी अनेक शाळांना चक्क सुट्टी असते, का तर पोरांना बापाबरोबर शिकारीला जाता यावं!

दोन वर्षांपूर्वी आमच्या बंधुराजांबरोबर तिथल्याच एका खेळाच्या दुकानात गेलो होतो. त्यांना तंबू घ्यायचा होता. ते तंबू निवडेपर्यंत मी आपला रायफलींची भिंत बघत उभा. खालच्या रांगेत काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याच्या, चारशे डॉलरच्या आसपासच्या. वरच्या रांगेत अक्रोडाच्या लाकडाच्या, झळझळीत पॉलिशवाल्या, दोन हजारांच्या पुढे. काउंटरवरच्या काकांना विचारलं, नेमात किती फरक पडतो हो? ते म्हणाले, शंभर यार्डावर हरणाला तरी कळणार नाही. मग वरचे सोळाशे डॉलर कशाचे? काकांनी हसत हसत लाकडावरून हात फिरवला.

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो तिथेच. चांगल्या नेमाचे पैसे मोजावे लागायचे तो जमाना गेला कुठे? आणि घालवला कुणी?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. शिकारीची रायफल बहुतेक वेळा बोल्ट ॲक्शन असते. म्हणजे दाराची कडी सरकवतो तसा बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. प्रत्येक गोळीला हाच व्यायाम. या प्रकारातली अमेरिकेची महाराणी म्हणजे विंचेस्टर कंपनीची १९३६ ची मॉडेल ७०. घडीव पोलाद कोरून कोरून केलेली, दस्त्यावर हाताने नक्षी. कौतुकाने तिला ‘रायफलमनची रायफल’ म्हणायचे. प्रॉब्लेम एकच. हातकामाचा पगार वर्षागणिक वाढत होता.

१९४८ मध्ये रेमिंग्टनने वेगळाच फंडा काढला. माईक वॉकर आणि मंडळींनी जुन्या डिझाइनमधून काटछाट करण्याऐवजी मशीनवर सोपं जाईल असं नवं डिझाइनच केलं. रायफलीचा मधला सांगाडा लेथवर फिरवता येईल असा गोल. गोळीचा धक्का झेलणारा भाग पोलादातून कोरत बसण्यापेक्षा वॉशरसारखी जाड चकती बॅरल आणि सांगाड्याच्या मध्ये दाबून बसवली. बस्स. ७२१ आणि ७२२ ही त्या जोडगोळीची नावं. त्यांचीच धाकटी बहीण १९६२ ची मॉडेल ७००. आता गंमत ऐका. पैसे वाचवायला केलेलं हे डिझाइन नेमाला इतकं चोख निघालं की अमेरिकन मरीन्सची एम-४० आणि पुढे लष्कराची एम-२४ या दोन्ही स्नायपर रायफली या ७०० वरूनच बनल्या.

विंचेस्टरने काय केलं? महाराणीला डाएटवर टाकलं. १९६४ मध्ये मॉडेल ७० चा खर्च कमी केला. काडतूस घट्ट पकडणारा मोठा पंजा गेला, दस्त्यावरची कोरीव नक्षी जाऊन दाबून उठवलेला ठसा आला. गिऱ्हाईक खवळलं. आज साठ वर्षं उलटली तरी जुन्या बाजारात ‘प्री-सिक्स्टीफोर’ म्हटलं की किंमत वर सरकते. पुढे नव्वदच्या दशकात कंपनीला तो पंजा परत आणावा लागला, पण २००६ मध्ये न्यू हेवनचा कारखाना बंद झाला तो झालाच.

म्हणजे बघा, काटकसर दोघांनीही केली. एकाने आधी विचार करून केली, दुसऱ्याने नंतर कात्री लावून. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपल्या हीरोची एन्ट्री. सॅव्हेज कंपनी, १९५८, डिझायनर निकोलस ब्रूअर, मॉडेल ११०. किंमत १०९ डॉलर ९५ सेंट, आणि त्यावरूनच नाव पडलं असं सांगतात. (‘फक्त ९९ रुपये’वाल्यांचे पूर्वजच म्हणायचे!)

रायफल बनवताना सगळ्यात किचकट काम असतं बॅरल बसवण्याचं. बॅरल सांगाड्यात इतकंच फिरवून बसायला हवं की आत काडतूस ना सैल राहील ना अडकेल. हिशोब इंचाच्या हजाराव्या भागांचा. मुरलेला कारागीर थोडं घासणार, बसवून बघणार, काढून परत घासणार. कारागीर म्हणजे पगार, आणि वेळ म्हणजेही पगार. ब्रूअरने बॅरलवर लांब आटे पाडले आणि त्यावर हा नट चढवला. मापाचा गेज आत ठेवायचा, बॅरल तो टेकेपर्यंत फिरवायचं आणि नट आवळून टाकायचा. लहानपणी सायकलच्या चाकाचा कोन बोटांनी जुळवून वरून लॉकनट आवळलाय ना? तीच आयडिया. कारागिराचं तासाभराचं कसब एका नटात आलं. आणि माप दरवेळी बरोबर यायला लागल्यामुळे नेमही सुधारला.

पण दिसायला? बॅरलच्या मुळाशी तो नट गळ्यात अडकलेल्या बांगडीसारखा दिसायचा. शौकीन मंडळी नाकं मुरडायची. सॅव्हेज म्हणजे गरिबाची रायफल हा शिक्का बसला तो तीस-चाळीस वर्षं पुसला नाही. १९८८ मध्ये तर कंपनीचं दिवाळं वाजलं. रॉन कोबर्न नावाच्या नव्या साहेबाने बाकीचा पसारा आवरला आणि सगळी ताकद ११० वर लावली.

याच कोबर्नच्या काळात सॅव्हेजने दुसरा बाँब टाकला, २००२-०३ च्या सुमारास. त्या काळात नव्या रायफलीचा ट्रिगर जाम जड असायचा. हलका केला, चुकून गोळी सुटली आणि गिऱ्हाईक कोर्टात गेलं तर? या धास्तीने कंपन्या तो जडच ठेवायच्या. पण जड ट्रिगर ओढताना हात हलतो आणि नेम जातो. मग लोक वेगळे पैसे मोजून बाहेरून नवा ट्रिगर बसवून घ्यायचे. सॅव्हेजने ॲक्युट्रिगर आणला. मध्ये एक पातळ पाते, ते दाबल्याशिवाय चाप सुटत नाही. त्यामुळे ट्रिगर हलका तरीही सुरक्षित, आणि किती हलका हवा ते घरच्या घरी ठरवा. पुढच्या पाच-सहा वर्षांत रूगर, रेमिंग्टन, विंचेस्टर तिघांनाही नवे ट्रिगर काढावे लागले. गरिबाच्या रायफलीत जे फुकट मिळतं, त्याचे जादा पैसे मागायला श्रीमंत ब्रँडला तोंड उरत नाही.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची गोम इथेच आहे. आपल्याला वाटतं, स्वस्तवाली कंपनी म्हणजे महागाची गरीब नक्कल. प्रत्यक्षात महागड्याने कशाचे पैसे मागायचे हे स्वस्तवाला ठरवत असतो. आपल्याकडे निरमाने तेच केलं. सर्फवाल्या हिंदुस्तान लिव्हरला शेवटी ‘व्हील’ काढून मैदानात उतरावं लागलं.

रायफलीच्या बाजारात हे मैदान २०१० नंतर गजबजलं. सॅव्हेजने आपलीच ११० आणखी उतरवून एज आणली, तिचंच नाव लगेच ॲक्सिस झालं. २०१२ मध्ये रूगरची अमेरिकन आली, छापील किंमत ४४९ डॉलर. मग २०१३ मध्ये रेमिंग्टनची ७८३ आणि २०१५ मध्ये मॉसबर्गची पेट्रियट. यातली कुठलीही उचला, बॅरलच्या मुळाशी कोण बसलाय? आपला नट! ज्याला हसले, त्याच्याच मांडीला मांडी लावून बसले. २०१५ मध्ये तर खुद्द विंचेस्टरनेही एक्सपीआर नावाची बजेट रायफल काढली. महाराणी लोकलने फिरायला लागली.

जरा हिशोब करू. १९५८ चे ११० डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे साधारण बाराशे. आजची ॲक्सिस त्याच्या एक तृतीयांशात मिळते. नेमाचं माप लोक शंभर यार्डावर, म्हणजे ९१ मीटरवर, गोळ्यांची भोकं किती जवळजवळ पडतात यावरून धरतात. सगळी भोकं एका इंचात आली की पूर्वी लोक फोटो काढून भिंतीला लावायचे. आज चारशेच्या रायफलीकडून तीच अपेक्षा असते आणि चांगलं काडतूस मिळालं तर ती बऱ्याचदा पूर्णही होते.

मग पैसे वाचतात कुठे? जिथे डोळ्याला दिसतं तिथे. दस्ता साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकचा, पुढून दाबला तर लवतो. पॉलिश नाही, बोल्ट सरकवताना खरखर. सोबत फुकट मिळणारी दुर्बीण यथातथाच. पण बॅरल आणि ट्रिगरला हात लावलेला नाही. उलटं उदाहरण रेमिंग्टनचंच आहे. २००१ ची ७१०. दुर्बिणीसकट, डब्यातून काढा आणि जंगलात जा, अशी तिची जाहिरात. पण बॅरल आट्यांऐवजी नुसतं दाबून बसवलेलं आणि बोल्ट प्लॅस्टिकच्या अस्तरात सरकणारा. लोकांनी तिला इतकी नावं ठेवली की काही विचारू नका. पुन्हा तेच, नंतर लावलेली कात्री.

आणि खरा क्लायमॅक्स पुढेच आहे. नट असला की बॅरल घरी बदलता येतं, हे शौकिनांच्या लक्षात आलं. तयार बॅरल विकणारे छोटे कारखाने उभे राहिले. आता तर लोक हौसेने रेमिंग्टन ७०० लाही सॅव्हेजसारखा नट लावून घेतात. त्या जोडणीला नाव आहे ‘रेमेज’, रेमिंग्टन अधिक सॅव्हेज. ज्या नटामुळे गरिबाची म्हणून हिणवलं, त्याच्यासाठी आता जादा पैसे मोजतात!

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण दोन गोष्टी खटकतात.

एक म्हणजे मधल्या मध्ये कोण चिरडलं? खाली चारशेवाले, वर दोन हजारवाले, आणि सहा-सातशेच्या मधल्या रांगेत उभी रेमिंग्टन ७००. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, २०२० मध्ये पुन्हा गेली आणि तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. एकट्या स्वस्त रायफलींनी तिला मारलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. गुंतवणूकदार मालकांच्या काळातला कर्जाचा डोंगर होता, कोर्टकज्जे होते. पण ज्या न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावात ही कंपनी १८२८ पासून होती, तिथला भोंगा मार्च २०२४ मध्ये कायमचा बंद झाला. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. स्वस्ताईचं हे गणित फक्त शिकारीच्या रायफलीपुरतं राहिलं नाही. एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीचं पेटंट संपलं, बनवणारे वाढले, २०११ मध्ये स्मिथ अँड वेसनसारख्या बड्या नावाने बजेट मॉडेल काढलं आणि भाव खाली येत गेले. अमेरिकेतल्या कितीतरी सामूहिक हत्याकांडांत याच जातीची रायफल वापरली गेली. साबण स्वस्त झाला की घरोघरी कपडे स्वच्छ होतात. रायफल स्वस्त झाली की घरोघरी काय होतं, याचं उत्तर नट शोधणाऱ्या इंजिनियरकडे नसतं. ते समाजाने आणि सरकारने द्यायचं असतं, आणि अमेरिकेत त्यावरच वाजतंय.

आपण रायफल घेणार नाही. पण फोन घेतो, बाइक घेतो, विमानाचं स्वस्तातलं तिकीट तर महिनाभर शोधतो. पुढच्या वेळी सेल्समनने स्वस्त आणि मस्तचा पाढा सुरू केला, की डिस्काउंट किती हे नंतर विचारा. आधी विचारा, बाबा रे, पैसे वाचवलेत कुठे? दस्त्यात वाचवले असतील तर खुशाल कार्ड काढा. बॅरलमध्ये वाचवले असतील तर खिशातला हात खिशातच ठेवा.