केसिंगच्या आधी हार्डडिस्क पाहावी

हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाबरोबर वाढलेल्या पिंपळे सौदागरसारख्या उपनगरात जुना लॅपटॉप नसलेले घर विरळाच, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यापासून या लॅपटॉपांचे काय करायचे, हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. काही घरांत जुन्या यंत्रातच एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारा घटक, बसवून घेतला जातो. काही घरांत यंत्रच मोडीत निघते. दोन्ही वेळा मूळ हार्डडिस्क हाती उरते आणि तिच्यावर मुलांच्या बारशापासूनचे फोटो, पगाराच्या पावत्या, सदनिकेच्या कराराच्या प्रती असे पुष्कळ काही असते. ती यूएसबीने जोडता यावी म्हणून जी डबी घ्यायची, तिला दुकानात केसिंग म्हणतात. ते थोडक्या पैशांत मिळते आणि तसेच घ्यावे. परंतु ग्राहकाची नजर बहुधा खोक्यावरच्या वेगाच्या आकड्यावर खिळते आणि ज्या गोष्टींवर डिस्कची खुशाली अवलंबून असते, त्या तपासायच्या राहून जातात.

निवडीची सुरुवात डिस्कच्या ओळखीपासून व्हावी. लॅपटॉपची हार्डडिस्क अडीच इंची असते व ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे यूएसबीच्या वायरीतून मिळणारी वीज तिला साधारणपणे पुरते. टेबलावरच्या संगणकातील साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टचीही गरज असते, म्हणून तिचे केसिंग वेगळ्या अ‍ॅडॉप्टरसह येते आणि ते महागही पडते. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांच्या कार्यालयांतून निघणाऱ्या डिस्क बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या असतात, आणि तेथे केसिंग २ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क ओळखते की नाही, हेही विचारून घ्यावे लागते. जोडणी साटा पद्धतीची, म्हणजे चपट्या पट्टीची, आहे की त्याआधीच्या आयडीई पद्धतीची, दोन ओळींत सुया असलेली, हे नुसत्या डोळ्यांनी कळते. अडीच इंची डिस्कची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते. ७ मिलिमीटरसाठी बनवलेल्या डबीत जाड डिस्क दाबून बसवू नये. च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.टू एसएसडी असेल, तर ती साटा की एनव्हीएमई हे लेबलवर वाचावे, कारण दिसायला सारख्या असल्या तरी एकीचे साधे केसिंग दुसरीला चालत नाही.

वेगाचा प्रश्न ग्राहकाला वाटतो त्याहून बराच सोपा आहे. लॅपटॉपमधील फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट माहिती देते, तर यूएसबी ३.० चा मार्ग, जो आज ३.२ जेन १ या नावानेही विकला जातो, प्रत्यक्ष वापरात सुमारे ४०० मेगाबाइट वाहून नेतो. तेव्हा १० गिगाबिटचे केसिंग घेऊन अशी डिस्क तसूभरही अधिक वेगाने धावणार नाही. यूएएसपी नावाची सोय, जिच्यामुळे एकामागून एक आज्ञा न थांबता पाठवता येतात, एसएसडीला उपयोगी पडते, फिरत्या तबकडीला फारशी नाही. उलट शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी यूएसबी २.० चे केसिंग घेणे ही खोटी काटकसर होय, कारण त्या मार्गाने सेकंदाला तीस-पस्तीस मेगाबाइटच मिळतात. पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास मिळणारे ५ गिगाबिटचे, म्हणजेच यूएसबी ३.० चे, साटा केसिंग या कामासाठी पुरेसे आहे.

खरा फरक डबीच्या आतील हिरव्या पट्टीत असतो. बोटभर रुंदीच्या या पट्टीच्या एका कडेला साटाचा खोबणीदार जोड असतो, ज्यात माहितीसाठी ७ आणि विजेसाठी १५ पट्ट्या असतात. दुसऱ्या कडेला यूएसबीचे तोंड. आणि मध्ये नखाएवढी ब्रिज चिप, जी साटाची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलते. यूएसबीचे तोंड नुसत्या डाखावर उभे असेल आणि वायर घालताना डुगडुगत असेल, तर डिस्क फिरत असतानाच संपर्क तुटण्याचा धोका राहतो, आणि लिहिणे चालू असताना तुटलेला संपर्क फाइली बिघडवतो. विजेचेही तसेच आहे. डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्टपुढे अँपिअरचा आकडा असतो, पण तबकडी फिरू लागताना ती क्षणभर जास्त, कधी १ अँपिअरपर्यंत, वीज ओढते, तर यूएसबी २.० चे तोंड नियमाने अर्धा अँपिअर आणि यूएसबी ३.० चे ०.९ अँपिअर देते. लांब, बारीक तारांच्या वायरीत त्यातलाही काही दाब गळतो, म्हणून केसिंगबरोबरची वायर आखूड आणि जाडसर असणे ही गुणवत्तेची खूण समजावी.

अशा खरेदीसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, जाणे पिंपळे सौदागरच्या ग्राहकाला आता अवघड राहिलेले नाही. कासारवाडीहून मेट्रोने मंडईला उतरता येते. ऑनलाइन खरेदीत थोडे पैसे वाचत असतीलही, पण समोरच्या दुकानात डिस्क बसवून, मोठी फाइल दहा मिनिटे उतरवून पाहता येते, आणि या सदराच्या दृष्टीने ती तपासणी किमतीतील फरकाहून मोलाची आहे. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र केसिंग घेऊच नये; ती पुन्हापुन्हा चालू न करता माहिती परत मिळवून देणाऱ्या तंत्रज्ञाकडे न्यावी.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय, चालू असते. अशी डिस्क केसिंगमध्ये घातली की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली आहे का, हे लॅपटॉप मोडीत काढण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. डिस्क जोडल्यावर विंडोज कधी कधी ती वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल असे सुचवते. तेथे नकारच द्यावा, कारण होकार दिल्यास जुन्या फाइलींची नोंदवहीच पुसली जाते. सर्व ठीक असेल, तर ५०० गिगाबाइटची भरलेली डिस्क दुसरीकडे उतरवायला दीड तास तरी लागतो, बारीकसारीक फोटो हजारोंनी असतील तर त्याहून जास्त. तेवढा वेळ ती डबी सोफ्यावर किंवा उशीवर नव्हे, तर लाकडी टेबलावर सपाट ठेवावी आणि फिरत असताना उचलू नये.