पेट्रोलच्या टाकीतली 'विक्रांत'

दौंड तालुक्यातल्या पाटसच्या टोलनाक्याच्या कडेने बजाजची व्ही१५ गेली, तर तिच्या टाकीकडे निरखून पाहावे. २०१६ साली आलेल्या या मोटारसायकलच्या टाकीत 'विक्रांत'चे लोखंड वितळवून घातले आहे. मुंबईत लायन गेटजवळ त्याच भंगारातून घडवलेले स्मारकशिल्पही आहे. इथल्या पोराला भारताची पहिली विमानवाहू नौका पाहायची, तर आता एवढेच उरले.

१९७१च्या युद्धात बॉयलरला तडे गेलेले असताना ही नौका बंगालच्या उपसागरात गेली आणि तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार, चितगाव झोडपून काढले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. पुढे काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोक तिच्यावर चढत होते. मग सांगाडा धोकादायक ठरला. खर्च झेपत नाही म्हणून राज्य सरकारने हात वर केले, सुमारे ६० कोटींना सौदा झाला, सर्वोच्च न्यायालयातही ती वाचली नाही. २०१४ सरता सरता मुंबईच्या दारूखान्यात तिच्यावर गॅसकटर चालू लागला.

'विराट' या विमानवाहू नौकेचे तर कागदावरच भागले. २०१८च्या नोव्हेंबरात राज्य मंत्रिमंडळाने तिच्या संग्रहालयाच्या, निवतीजवळच्या ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. २०२०मध्ये नौका अलंगच्या किनाऱ्यावर तुटायला पोचली.

निधी नाही, हे कारण अगदीच खोटे नव्हे. खारे पाणी लोखंड खातेच, आणि दोनशे मीटरहून लांब नौका पाण्यात ठेवायची म्हणजे पांढरा हत्ती पोसणे. पण मोठीच हवी, हा हट्ट कोणाचा? कारवारने 'चपळ' ही छोटी क्षेपणास्त्र नौका किनाऱ्यावर आणून ठेवली. विशाखापट्टणमने तर २००२ साली 'कुरसुरा' ही ९१ मीटरची पाणबुडी वाळूवर चढवली. आत वाकून शिरावे लागते. टॉर्पेडोच्या नळ्या आणि खलाशांच्या अरुंद फळ्या पाहताना समुद्राखालचे जगणे अंगावर येते. जमिनीवर असल्याने तिला बुडण्याची भीती नाही.

आता गंमत पाहा. मुंबई-भुवनेश्वर कोणार्क एक्स्प्रेस पाटसच्या रुळांवरूनच विशाखापट्टणमला जाते. नौदलाच्या पश्चिम मुख्यालयाची मुंबई इथून अडीचशे किलोमीटरवर, तरी पाणबुडीत शिरायला पोराने उलट्या दिशेची गाडी धरायची. पुढची छोटी नौका निवृत्त होईल, तेव्हा राज्याने ती नौदलाकडे मागावी आणि अलिबाग किंवा मालवणच्या किनाऱ्यावर सरळ जमिनीवर चढवावी.