पेठेतल्या पाहुण्यांची सोय

यंदा आपल्या इतिहास मंडळाच्या वादसभेला ‘जुन्या पेठा आणि पर्यटनाच्या सोयी’ असा विषय होता. माझ्या एका वर्गमित्राने वाड्यांतून हॉटेले काढावीत, गल्ल्यांना रंगीत दिवे लावावेत आणि पेठेतच मोटारींसाठी मोठा वाहनतळ बांधावा, अशी योजना मोठ्या तडफेने मांडली. पहिले पारितोषिक त्यालाच मिळाले. अभिनंदन मी त्याच दिवशी केले; मतभेद मात्र या अंकासाठी राखून ठेवला.

मतभेदाचे कारण घरचेच आहे. आम्ही पुण्याच्या कसबा पेठेत एका वाड्यात भाड्याने राहतो. रविवारी सकाळी जुने पुणे पाहायला निघालेली मंडळी आमच्या चौकात येतात. लाकडी खांबांचे, तुळशीवृंदावनाचे आणि दोरीवर वाळत घातलेल्या आजीच्या लुगड्याचेही फोटो घेतात. मागच्या पावसाळ्यात त्यांतल्या एक बाई घोळक्यामागे रेंगाळल्या आणि आजीला हळूच म्हणाल्या, “आजी, संडासला कुठं जाता येईल हो?” शनिवारवाड्यापासून दीड तास त्या चालत होत्या. आमच्याकडे आठ बिऱ्हाडांत दोन संडास. आजीने बादली भरून दिली. तेव्हापासून रविवारी आमच्या दारात एक जादा बादली भरलेली असते.

पाहुण्याची पहिली गरज ही आहे, आणि जुन्या पुण्याला ती कळत होती. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरात आणले. ते नुसते शनिवारवाड्यातल्या कारंज्यांसाठी नव्हे. ठिकठिकाणी हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद ही नावे आजही तोंडात आहेत. वाटसरू आणि शेजारचे बिऱ्हाड दोघेही एकाच हौदावर येत. असे लिहिताना लेखणी जराशी अडखळते, कारण सर्वांचीच घागर तेथे चालत नव्हती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो त्यामुळेच. शनिवारवाड्याच्या वास्तुशांतीचे १७३२ हे साल आपल्याला परीक्षेपुरते पाठ असते. सोयींच्या योजना आखणाऱ्यांनी १८६८ हे सालही पाठ करावे.

चौकाचौकात स्वच्छ संडास, तो राखणाऱ्या बाईला महिन्याचा धड पगार, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सावलीत बसायला एखादा दगडी कट्टा एवढे झाले, तर मंडईतल्या भाजीवालीची, हमालाची आणि परगावच्या पाहुण्याची सोय एकदमच होईल. माझ्या मित्राच्या योजनेतली एकही सोय भाजीवालीच्या उपयोगाची नाही. उलट, तांबट आळीचेच पाहा. तेथे लोक हातोड्याचा ठोका ऐकायला येतात. शेजारच्या वाड्यात हॉटेल झाले आणि त्यातल्या गिऱ्हाइकाला सकाळी सातला तोच ठोका नकोसा झाला, तर तांबटाने जायचे कोठे?

वाहनतळाची तर गरजच उरलेली नाही. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ, मंडई करीत स्वारगेटला जाते. पाहुण्याने मेट्रोने यावे आणि पायी हिंडावे. पेठेची रुंदीच मुळी पायी चालणाऱ्यांच्या मापाची आहे.

हे भय माझे एकटीचे नाही. इटलीतल्या व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्याही खाली आली. घरे पाहुण्यांना मिळाली, घरातली माणसे बाहेर गेली. आता २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांकडून तेथे प्रवेशशुल्क घेतात. गेलेली बिऱ्हाडे त्या पैशाने परत येतील असे मला वाटत नाही.

मित्राचे एक म्हणणे मात्र मी मान्य करते. वाडे पडताहेत आणि डागडुजीला पैसा नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. आम्ही भाडेकरू त्यात सुखी राहिलो, मालकाने कौले फिरवायचे सोडून दिले. दोष दोघांचाही आहे. पण मग फेरीचे जे शुल्क पाहुण्यांकडून घेतले जाते, त्यातला एक हिस्सा ज्या वाड्यात फेरी शिरते त्याच वाड्याच्या कौलांना का मिळू नये? आमच्या चौकातल्या खांबांनी एवढे फोटो दिले, त्यांना अद्याप तेलाचा एक हातही मिळालेला नाही.

येत्या महिन्यात मालकांनी सगळ्या बिऱ्हाडांना बोलावले आहे. बिल्डरही येणार आहेत. वडील गप्प आहेत, आई नव्या घरात स्वतंत्र संडास असेल म्हणून मनातून खूश आहे, आणि तिला नावे ठेवायची माझी प्राज्ञा नाही. हा लेख मी आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “चांगलं लिहिलंयस. पण नळाला पाणी नऊपर्यंतच असतं, तेवढं त्या फेरीवाल्यांना सांग. उशिरा येतात मेले.”