पाय पाहिजेत, नाव नको

१५ नोव्हेंबर २०२४. बुखारेस्ट. रोमानिया विरुद्ध कोसोव्हो, फुटबॉल. नव्वद मिनिटं संपून गेलेली, गोल दोन्हीकडे शून्य. स्टँडमधून घोषणा सुरू : सर्बिया, सर्बिया. अर्थ सरळ आहे. तुम्ही नाहीच. तुमचा देश खोटा, नाव खोटं, तुम्ही अजून जुन्या मालकाचेच. कोसोव्होची पोरं मैदान सोडून चालती झाली. परत आली नाहीत.

युरोपची फुटबॉल पंचायत म्हणजे युएफा. तिने निवाडा काय दिला? सामना रोमानियाला, ३-०. रोमानियाला दंड झाला, घरचा एक सामना रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायची शिक्षा झाली. पण गुण रोमानियाच्याच खात्यात. म्हणजे ज्यांच्या घरात शिवी दिली गेली ते पैसे भरून मोकळे, आणि शिवी ऐकून जे उठले ते हरले. कायदा असाच असतो, दोस्तहो. तो आवाजाची किंमत ठरवतो, अपमानाची नाही.

मुकाट्याने शेवटची शिट्टी होईस्तोवर थांबले असते तर बरोबरीचा एक गुण मिळाला असता, असं म्हणणारे शहाणे सगळीकडे असतात. मी म्हणतो, पोरांनी केलं ते बरोबर केलं. का, ते सांगतो.

१९८९ साली मिलोसेविचच्या सर्बियाने कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली. अल्बेनियन माणसं कारखान्यांतून, शाळांतून, दवाखान्यांतून हाकलली गेली. मैदानं तरी कशी सुटणार? १९९१ साली अल्बेनियन खेळाडूंनी युगोस्लाव्हियाची लीग सोडली आणि आपली स्वतंत्र लीग उभी केली. स्टेडियम नाही. मग गावाबाहेरचा माळ हेच मैदान आणि टेकडीचा उतार हीच गॅलरी. पोलीस यायचे, सामना बंद पाडायचे. पोरं दुसऱ्या माळावर खेळायची. मग १९९८-९९चं युद्ध झालं. १७ फेब्रुवारी २००८ला स्वातंत्र्य जाहीर झालं. म्हणजे बघा, राष्ट्र कागदावर यायच्या सतरा वर्षं आधी त्याचा फुटबॉल माळावर उभा होता.

आता गंमत पुढे आहे. या माणसांचं नाव कुणाला नको होतं, पण पाय सगळ्यांना हवे होते. फादिल वोक्री कोसोव्होचा, खेळला युगोस्लाव्हियाकडून. छळामुळे, युद्धामुळे घरंच्या घरं स्वित्झर्लंडला, जर्मनीला, स्वीडनला, नॉर्वेला गेली. तिथे पोरं वाढली, खेळली, त्या त्या देशांचे शर्ट घातले. ११ जून २०१६, फ्रान्समधलं लाँस शहर, युरो स्पर्धा. एका आईबापाचे दोन मुलगे, टाउलांट झाका अल्बेनियाकडून, ग्रानिट झाका स्वित्झर्लंडकडून, समोरासमोर. बाप युगोस्लाव्हियाच्या तुरुंगात राहून आलेला. पेपरवाल्यांना भावाभावाची गोड गोष्ट मिळाली. दोघं भाऊ परक्या मातीत वाढले ते का, हे कोण विचारणार? दोन वर्षांनी वर्ल्डकपमध्ये ग्रानिट झाका आणि शाकिरी यांनी सर्बियाला गोल मारले आणि हातांनी दुतोंडी गरुडाची खूण केली, तर प्रत्येकी दहा हजार फ्रँक दंड. गोल चालतो. खूण चालत नाही.

कोसोव्होच्या स्वतःच्या संघाला मैत्रीपूर्ण सामना खेळायची परवानगी मिळाली तीही अशीच. ५ मार्च २०१४, मित्रोव्हित्सा शहर, समोर हैती. अट : राष्ट्रगीत नाही, झेंडा नाही. सामना ०-० सुटला. मे २०१६मध्ये युएफात मतदान झालं, २८ बाजूने, २४ विरोधात. चार मतांनी माणसं 'संघ' झाली! सप्टेंबरात पहिला पात्रता सामना, फिनलंडविरुद्ध तुर्कू इथे. काही खेळाडूंना खेळायची मंजुरी त्याच दिवशी आली. वालोन बेरिशाने पेनल्टीवर गोल केला, १-१. पुढचे नऊही सामने हरले. दहा सामन्यांत एक गुण. घरचे सामनेसुद्धा अल्बेनियातल्या श्कोदर गावी जाऊन खेळावे लागले. वोक्री तेव्हा संघटनेचा अध्यक्ष होता. २०१८मध्ये तो गेला. आज प्रिश्टिनाच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे.

मार्च २०२१मध्ये स्पेनने सेव्हिलात कोसोव्होला खेळवलं. स्पेनच्या टीव्हीने धावफलकावर स्पेनचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, कोसोव्होचं लहान अक्षरांत. आपल्या लिपीत ही सोय नाही, आपल्याकडे लहानपण दाखवायला दुसऱ्या तऱ्हा आहेत. आणि स्पेनलाच का हसायचं? नोव्हेंबर २०१८मध्ये दिल्लीत बायकांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा होती. कोसोव्होच्या दोन्येता सादिकूला भारत सरकारने व्हिसाच दिला नाही. तिचा ठोसा रिंगमध्ये पोचायच्या आधी खिडकीवरच अडवला. भारताने कोसोव्होला आजही मान्यता दिलेली नाही.

२०२५मध्ये या संघाने स्वीडनला घरी २-० आणि गोथेनबर्गला जाऊन १-० हरवलं, वर्ल्डकपच्या पात्रता गटात दुसरा नंबर काढला. लगेच कौतुक सुरू. मला हे कौतुक संशयास्पद वाटतं. जिंकलात म्हणून माणूस, हा हिशेब मला मान्य नाही. दहा सामन्यांत एक गुण होता तेव्हाही ते तितकेच माणूस होते.

आणि म्हणूनच एक प्रश्न मी या संघालाही विचारणार. मित्रोव्हित्सा, जिथे तो बिनझेंड्याचा सामना झाला, तिथेच इबार नदीच्या काठावर रोमा लोकांची मोठी वस्ती होती. सुमारे आठ हजार माणसं. जून १९९९मध्ये युद्ध संपलं, अल्बेनियन परत आले, आणि सर्बांना सामील असल्याचा ठपका ठेवून ही वस्ती जाळली. नाटोचे सैनिक शहरात असताना. हाकललेल्यांना युनोच्या छावण्यांत ठेवलं, तेही त्रेप्चा खाणीच्या शिसं मिसळलेल्या मातीवर. पोरांच्या रक्तात शिसं गेलं. २०१६मध्ये युनोच्याच मानवाधिकार समितीने युनोला दोषी धरलं, भरपाई द्या म्हटलं. २०१७मध्ये युनोने खेद व्यक्त केला आणि ऐच्छिक देणगीचा निधी काढला. ऐच्छिक!

हे रोमा कोण? हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून गेलेली माणसं. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात आणि माणसाला मानुश. युरोपभर त्यांना वस्तीबाहेर ठेवलं जातं. सर्बांनी अल्बेनियनांना माळावर हाकललं, अल्बेनियनांनी रोमांना शिशावर. उतरंड अशीच टिकते. वरचा मडका फुटला की खालच्याने वर चढायचं, उतरंड तशीच.

कोसोव्होच्या निळ्या झेंड्यावर सहा तारे आहेत, सहा समाजांचे म्हणून. त्यांतला एक रोमांचा. राष्ट्रगीताला शब्दच ठेवलेले नाहीत, कुणी दुखावू नये म्हणून. ठीक आहे. पण गीतात शब्द नसले तरी माणसांना तोंड आहे. बुखारेस्टला एका घोषणेवर मैदान सोडायची हिंमत ज्यांनी दाखवली, त्यांनी आपल्याच शहरातल्या जळलेल्या वस्तीबद्दल मोठ्याने बोलावं. तो सहावा तारा झेंड्यावर शिवून भागत नाही. त्याला घर द्या, औषध द्या, मैदान द्या. तोवर मी तुमच्या बाजूने ओरडेन, आणि हा हिशेबही मागत राहीन.