'दशावतार' आवडला, आता पुढे काय पाहायचं? ॲपला याचं उत्तर का जमत नाही?

आईनं 'दशावतार' थिएटरला जाऊन पाहिला. परत आल्यावर दोन दिवस घरात बाबुली मेस्त्रीशिवाय दुसरा विषय नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तसलाच अजून एक लाव."

मी टीव्हीवरच्या एका ॲपमध्ये 'दशावतार' शोधला. तो त्यांच्याकडे नव्हता. पण 'आमच्याकडे नाही' असं सरळ सांगेल ते ॲप कसलं? 'यासारखं' म्हणून त्यानं विष्णूच्या अवतारांचं एक कार्टून, दोन डब केलेले मारधाडपट आणि एक भुताचा सिनेमा समोर ठेवला. आईनं एक मारधाडपट वीस मिनिटं पाहिला आणि उठून भाजी निवडायला बसली.

त्या वीस मिनिटांवरून ॲपनं पुढचा आठवडाभर आम्हाला मारधाडपटच दाखवले. आई भाजी निवडायला का गेली, हे त्याला कसं कळणार?

सगळा घोळ इथेच आहे. तुम्ही काय पाहिलं हे ॲपला कळतं, का आवडलं हे कळत नाही. आणि थिएटरमध्ये पाहिलेला सिनेमा तर त्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो.

मग ॲप शिफारस करतं तरी कशावरून?

मूळ कल्पना अगदी साधी आहे. तुम्ही आणि दुसऱ्या कुणी तरी वीस सिनेमे सारखेच पाहिले. त्या माणसानं एकविसावा पाहिला, तुम्ही अजून पाहिलेला नाही. मग तो तुम्हाला दाखवायचा. सिनेमात काय आहे हे कळण्याची त्यासाठी गरजच पडत नाही.

2006 मध्ये नेटफ्लिक्सनं यावर एक स्पर्धाच लावली होती. आमचा अंदाज 10 टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि 10 लाख डॉलर न्या. सुमारे 4 लाख 80 हजार ग्राहकांनी 17,770 सिनेमांना दिलेली 10 कोटींहून जास्त रेटिंग्ज, ग्राहकांची नावं काढून, स्पर्धकांना देण्यात आली. तीन वर्षं लोक त्याच्याशी झटापट करत होते. 2009 मध्ये एका टीमनं बक्षीस जिंकलं. आणि नेटफ्लिक्सनं ते विजेतं गणित पूर्णपणे कधी वापरलंच नाही! ते बसवायला लागणारी मेहनत आणि होणारा फायदा यांचा मेळ बसत नव्हता. शिवाय तोपर्यंत धंदाही बदलला होता.

आधी डीव्हीडी पोस्टानं घरी यायच्या आणि लोक पाहून झाल्यावर स्टार द्यायचे. इंटरनेटवर सिनेमा सुरू झाल्यावर स्टारची गरज उरली नाही. तुम्ही कुठे थांबलात, काय अर्धवट सोडलं, रात्री किती वाजता काय लावलं, हे सगळं आपोआप दिसायला लागलं. 2017 मध्ये स्टार काढून अंगठा आला. त्याच वर्षी नेटफ्लिक्सनं हेही सांगितलं की, एकाच सिनेमाचं पोस्टर माणूस पाहून बदललं जातं. 'गुड विल हंटिंग'चं उदाहरण त्यांनीच दिलं होतं. प्रेमकथा पाहणाऱ्याला त्यातली जोडी दिसणार, विनोदी सिनेमे पाहणाऱ्याला रॉबिन विल्यम्स.

म्हणजे तुम्हाला आवडेल ते शोधण्याइतकंच, तुम्ही क्लिक कराल ते शोधण्याचंही हे काम आहे. या दोन गोष्टी एकच नाहीत.

याचा मराठी सिनेमाशी काय संबंध?

नेटफ्लिक्सच्याच दोन अधिकाऱ्यांनी 2015 मध्ये एका शोधनिबंधात लिहिलं होतं की, तिथे पाहिल्या जाणाऱ्या तासांपैकी सुमारे 80 टक्के तास शिफारशींतून येतात. आणि प्रेक्षक 60 ते 90 सेकंदांत कंटाळतो. तेवढ्यात काही सापडलं नाही तर तो निघून जाण्याची भीती.

आता त्या दीड मिनिटात मराठी सिनेमा समोर येतो का, यावर त्याचं बरंच काही ठरतं. आपले कितीतरी सिनेमे थिएटरमध्ये आठवडा-दोन आठवडेच टिकतात, तेही आडवेळेच्या शोला. ॲप हा दुसरा जन्म. पण शिफारशीचं गणित प्रेक्षकांच्या संख्येवर चालतं. कमी लोकांनी पाहिला म्हणून कमी दाखवला, कमी दाखवला म्हणून कमी लोकांनी पाहिला. या चक्रातून छोटा सिनेमा स्वतःहून बाहेर पडू शकत नाही.

त्यात सिनेमे वेगवेगळ्या ॲपवर विखुरलेले. 2022 चा 'कांतारा' आठवा. घरी पाहण्यासाठी आला तेव्हा हिंदी आवृत्ती एका ॲपवर आणि मूळ कन्नड दुसऱ्यावर होती. एकाच सिनेमाचे प्रेक्षक दोन ठिकाणी वाटले गेले. शिवाय कोणतंही ॲप शिफारस करणार ती स्वतःच्या दुकानातल्या मालाचीच.

बरं, मग 'दशावतार'नंतर पाहायचं काय?

कुणीही 'कांतारा' सांगेल. लोककला आहे, दैवत आहे, जंगल आहे. तुम्हाला ते भारलेलं वातावरण आवडलं असेल तर तो पाहाच. मग 'जोगवा' पाहा. 2009 चा आहे, राजीव पाटील यांचा. श्रद्धा माणसाला कशी बांधून टाकते, हे तो 'कांतारा'पेक्षा जास्त कठोरपणे दाखवतो. नुसती भीती हवी असेल तर मामुटीचा 'भ्रमयुगम' आहे. पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट, मोजकी पात्रं. रात्री एकट्यानं लावू नका.

'कोकण आहे म्हणून' काही जण 'तुंबाड' सुचवतात. सिनेमा जबरदस्तच आहे. 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्यानं 2018 पेक्षा जास्त कमाई केली. पण पाऊस सोडला तर दोघांत साम्य फार नाही. 'दशावतार'मधून बाहेर पडताना कोकणाविषयी जीव तुटतो, 'तुंबाड'मधून पडताना अंगावर काटा येतो.

तुम्हाला जमिनीचा प्रश्न भिडला असेल तर भाऊराव कऱ्हाडे यांचा 'ख्वाडा' शोधा. वनखात्याकडे जमीन गेलेलं धनगर कुटुंब मेंढरं घेऊन भटकतं. यात ना दैवत, ना अवतार. म्हणून कोणतंही ॲप हे दोन सिनेमे शेजारी ठेवेल असं मला वाटत नाही.

आणि बापलेकाचं नातं आवडलं असेल तर? राजेश मापुसकर यांचा 'व्हेंटिलेटर' बहुतेकांनी पाहिलेला असतो. मी 'साबर बोंडं' सुचवेन. तो 'दशावतार'नंतर बरोबर एका आठवड्यानं, 19 सप्टेंबर 2025 ला थिएटरमध्ये आला. त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला जागतिक विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला होता. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि बालमित्राला नव्यानं भेटतो. दोन पुरुषांमधल्या प्रेमाची गोष्ट आहे, पण गेलेला बाप आणि मागे राहिलेली आई त्यात सतत आहेत. फार संथ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आईला मी शेवटी विचारलं, "तुला त्यात नेमकं काय आवडलं?"

ती जरा थांबून म्हणाली, "सगळे नको म्हणतात तरी तो तोंडाला रंग लावायचं सोडत नाही ना, ते."

म्हणजे हट्ट. कलेचा हट्ट. 'नटरंग' आणि 'नटसम्राट' तिचे दोनदा पाहून झालेले. मी चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' लावला. शास्त्रीय गायक व्हायला निघालेल्या, पण बहुधा ते जमणारच नाही अशा मुलाची गोष्ट. त्यात ना मारामारी, ना अवतार, ना कोकण. अर्ध्या तासानंतर मला वाटलं, ही उठणार.

ती उठली नाही. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "याला कुणी आधीच का नाही सांगितलं रे देवा?" आणि मग, "उद्या कुठला?"